निवासी साहस शिबिराच्या संयोजकांस अनावृत पत्र

माननीय संयोजक महोदय,



मुंबई-ठाण्याची शाळकरी मुले दोन रात्रींसाठी जव्हारला आणून त्यांना निसर्गाची गोडी लावण्याचा विडा आपण उचललात, त्याबद्दल अभिनंदन. झिपलाइन, बर्मा ब्रिज, जाळीवरची चढाई, शेकोटी आणि निघताना प्रमाणपत्र. यात कशाची उणीव असलीच, तर ती जव्हारची. कारण एवढे सारे ठाण्याच्या मैदानात चार खांब रोवूनही होते, शिवाय घाटाच्या वळणांवर मुलांना उलट्या होत नाहीत. डाभोसा धबधबा आणि जयविलास राजवाडा आपण दाखवता, हे कबूल. पण दोन्ही ठिकाणी मुलांची पाठच त्यांच्याकडे असते, फोटोसाठी.

आपल्या कार्यक्रमात ‘पाणी वाचवा’ हा तासही आहे. तो मुंबईच्या मुलांनी ऐकायचा आणि मोखाड्याच्या वेशीवर ऐकायचा, ही योजना थोर आहे. याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण उभे आहे. त्यातून मुंबईला दिवसाला सुमारे ४५ कोटी लिटर पाणी जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तालुक्यातले कितीतरी पाडे टँकरची वाट पाहतात. मुलांना त्या धरणाच्या काठावर उभे करून नंतर एखाद्या पाड्याची आटलेली विहीर दाखवली, तर व्याख्यानाची गरजच उरणार नाही. पण त्यासाठी उन्हाळ्यात यावे लागेल, आणि आपला हंगाम हिवाळ्याचा.

या हंगामाचेच मला विशेष कौतुक आहे. भातकापणी आटोपून दिवाळी सरली की इथली अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, आणि बरीच मुले आईबापांच्या मागोमाग जातात. त्यांनी मागे राहून शिकावे म्हणून सरकारला हंगामी वसतिगृहे चालवावी लागतात. म्हणजे आपल्या बसगाड्या घाट चढतात त्याच दिवसांत त्याच वयाची पोरे घाट उतरतात. त्यांचेही शिबिर निवासीच असते आणि उघड्यावरचेच. फक्त ते पाऊस तोंडावर येईपर्यंत चालते आणि प्रमाणपत्र मिळत नाही.

यावर आपण म्हणाल, गरिबी हटवणे हे शिबिराचे काम नव्हे. मान्य. आठवीच्या मुलावर तो भार टाकणे क्रूरपणाच होईल. पण जागेचे नाव जाहिरातीत वापरायचे आणि जागा मात्र दाखवायची नाही, याला सहल म्हणतात. शिक्षण म्हणून त्याची फी घेऊ नये. आपण म्हणाल, सुरक्षितता! हा आक्षेप खरा वजनदार आहे. दोर आणि हेल्मेट यांत कसूर नकोच, पाण्यात तर मुळीच उतरवू नका. पण कडूकंदाच्या चकत्या उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या की त्यांचा कडूपणा कसा जातो, हे एखाद्या वारली आजीकडून ऐकायला हेल्मेट लागत नाही. राहिला रोजगाराचा मुद्दा. स्थानिक तरुणांना आपण स्वयंपाकाला आणि रात्रीच्या पहाऱ्याला ठेवता, ते चांगलेच. मात्र रानात जगण्याचे धडे देण्यासाठी प्रशिक्षक शहरातून आणावा आणि रान ओळखणाऱ्याने त्याच्या चहाचे कप विसळावेत, ही कामाची वाटणी जरा उलटी तर झाली नाही ना?

तेव्हा एकच विनंती. पालकांकडून जे संमतीपत्र भरून घेता, त्यात एक ओळ वाढवा : ‘परत आल्यावर आमचा पाल्य घरच्या नळाच्या पाण्याविषयी अडचणीचे प्रश्न विचारील, याची आम्हांस कल्पना आहे.’ किती सह्या आल्या, तेवढे कळवावे.

आपला,
एक वाचक