तंजावरच्या कागदांची संदर्भसूची: शास्त्रोक्त विधी

शास्त्रीय नियतकालिकाच्या लेखात संदर्भसूची सर्वांत शेवटी येते. लेख परत येतो तो मात्र बहुधा तिच्यापायीच. निष्कर्ष थोडा डळमळीत असला तर परीक्षक एखादे वेळी काणाडोळा करतो. स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम पडला तर संपादकीय कार्यालय करत नाही. म्हणून तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी भोसले राजांच्या (राज्यकाल १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल या वैद्यशाळेतल्या नेत्ररुग्णांच्या नोंदींवर वैद्यकीय नियतकालिकासाठी लिहू इच्छिणाऱ्याने आधी शैलीपुस्तिका मुखोद्गत करावी आणि मग सवड उरल्यास मोडी शिकावी.

शैली निवडण्याचा प्रश्न उद्भवत नाही, ती नियतकालिक निवडते. वैद्यकाकडे व्हँकुव्हर शैलीचा दबदबा आहे. १९७८ साली कॅनडातल्या त्या शहरात काही वैद्यकीय संपादक जमले आणि संदर्भांना क्रमांक देण्याच्या पद्धतीला त्यांनी शिस्त लावली. मानसशास्त्र व शेजारच्या विद्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची शैली पाळतात. ती १९२९ मध्ये अवतरली तेव्हा सात पानांची होती. आज तिच्या सातव्या आवृत्तीची पाने चारशेच्या वर गेली आहेत. दोन्ही संप्रदायांचे गृहीतक एकच: जगात जे जे लिहिले गेले त्याला लेखक, साल, शीर्षक, गाव आणि प्रकाशक असतोच. तंजावरच्या कागदांना हे कुणी वेळेवर कळवले नाही.

पहिला रकाना लेखकाचा. व्हँकुव्हर शैलीत आधी आडनाव, मग आद्याक्षरे, मध्ये टिंब नाही. तमिळ मुलखात अनेकांना आडनावच नसते. नावापुढचे अक्षर वडिलांचे किंवा गावाचे असते. ही लागण तिथल्या मराठी घराण्यांनाही झाली. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेल्या सर टी. माधवरावांचा ‘टी’ म्हणजे तंजावर. नियमाप्रमाणे त्यांची नोंद ‘राव टी एम’ अशी होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी करूनही जे आडनाव लाभले नाही ते असे संगणकाच्या कृपेने पदरात पडते. खुद्द सरफोजी राजांची गोष्ट आणखी नाजूक आहे. रोमन आकडा नियमात बसत नसल्याने ‘भोसले एस’ लिहून पुढे ‘दुसरे’ जोडावे लागते. वाचणाऱ्याला वाटते, याच खात्यात भोसले एस नावाचे आणखी एक ज्येष्ठ प्राध्यापक असावेत.

‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ वैद्यक ग्रंथमालेचे लेखक कोण, यावर तर वाद घालायला भरपूर वाव आहे. नाव राजाचे, अनुभव दरबारातल्या वैद्यांचा, पद्यरचना कवींची आणि छपाई विसाव्या शतकात तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची. नियम एवढेच सांगतो की सहापेक्षा जास्त लेखक असल्यास पुढच्यांना ‘व इतर’ म्हणावे. वैद्य आणि कवी बहुतेक वेळा ‘इतर’मध्येच सापडतात, म्हणजे दरबारात होते तिथेच.

यानंतर साल. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, असे शाळेत शिकवतात. ते जानेवारी उजाडेपर्यंत खरे. तिथून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. नुसते संवत्सराचे नाव दिलेले असेल तर मामला साठ वर्षांच्या फेऱ्यात जातो. रुधिरोद्गारी संवत्सर तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीत तीनदा आला: १६८३, १७४३ आणि १८०३ साली. यातले कोणते घ्यावे हे कागद, अक्षर आणि मजकुरातली माणसे पाहून ठरवण्याची जुनी पद्धत आहे. लेखाच्या निष्कर्षाला सोयीचे पडते ते घ्यावे, ही नवी पद्धत जास्त जलद आहे.

गावाच्या नावाला मात्र फार वेळ देऊ नये. तंजावर, तंजावूर, तंजौर या तिन्ही रूपांत ते सूचीत येतेच. एकसारखे करायला गेल्यास जुन्या पुस्तकांची शीर्षके बदलतात, न केल्यास परीक्षक विचारतो की ही तीन शहरे एकमेकांपासून किती दूर आहेत.

खरा घोळ क्रमांकांचा आहे, आणि एवढ्या एका बाबतीत थट्टा बाजूला ठेवावी. सरस्वती महालातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची आर्थर बर्नेल या न्यायाधीशाने केली. ती १८८० मध्ये लंडनला छापली गेली. पुढे पी. पी. एस. शास्त्रींनी १९२८ ते १९३४ या काळात एकोणीस खंडांची वर्णनात्मक सूची काढली, ती श्रीरंगमच्या वाणीविलास छापखान्यातून. एकाच पोथीचा बर्नेलचा क्रमांक वेगळा, शास्त्रींचा वेगळा. कोणत्या सूचीतला हे न सांगता नुसता आकडा दिला तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती नेत्ररोगाऐवजी मीमांसा पडू शकते. दोन्ही क्रमांक द्यावेत, ताडपत्राची कोणती बाजू तेही लिहावे, आणि संपादकाने ‘अनावश्यक तपशील’ म्हणून खोडले तर तितक्याच शांतपणे पुन्हा लिहावेत. मोडी कागदांच्या बाबतीत ते ज्यात बांधलेले असतात त्या रुमालाचा क्रमांक हाच पत्ता. त्यासाठी कोणत्याही शैलीत रकाना नाही, तेव्हा तो ‘टीप’ या धर्मशाळेत उतरवावा.

भिंतीचा संदर्भ देण्याची वेळ शेवटी येते. बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. त्याचे प्रकाशक म्हणून मंदिर लिहावे की राजा, हे पुस्तिका सांगत नाही. पृष्ठसंख्या नाही, आवृत्ती पहिलीच. ‘पाहिल्याचा दिनांक’ हा संकेतस्थळांसाठीचा रकाना मात्र इथे चपखल बसतो. चपला बाहेर काढून पाहिला, हे नमूद करण्याची आवश्यकता नाही.

एवढे झाल्यावर संदर्भ व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरची कळ दाबावी. ते ‘दुसरे’ला आडनाव करते आणि ताडपत्राला संकेतस्थळ समजते, म्हणून सर्व नोंदी पुन्हा हाताने दुरुस्त कराव्यात. मुद्रितशोधनाच्या वेळी प्रत्येक हस्तलिखिताचा डिजिटल ओळख क्रमांक मागणारी शंका येईल. तिला ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर द्यावे. लेख नाकारला गेल्यास दुसरे नियतकालिक शोधावे. त्याची शैली वेगळी असेल, तेव्हा सगळे क्रमांक काढून त्या जागी कंसात आडनाव आणि साल घालावे, आणि टी. माधवरावांपासून पुन्हा सुरुवात करावी.