एक चिकित्सक अभ्यास

पीएचडी करणाऱ्यांच्या दोन जाती. एकीला विषय सापडत नाही, दुसरीला तो रोज सापडतो. आमच्या जांबोटीचा संशोधक दुसऱ्या जातीतला. पावसाळ्यात चोर्ल्याच्या बाजूने ढग उतरले, की गावातली वीज जाते आणि याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

कादंबरी पक्की आहे : जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला'. शीर्षकाची शेपटीही पक्की आहे : 'एक चिकित्सक अभ्यास'. मध्ये काय घालायचं, एवढंच काय ते राहिलंय.

आधी त्याला टोपणनावाने पछाडलं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. का बरं? यात अख्खं प्रकरण आहे म्हणून त्याने नवी वही घातली. मग कळलं, की ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, आपल्या नावाचा परीक्षकांवर दाब नको म्हणून. आणि हे खुद्द नारळीकरांनीच सांगून ठेवलंय. उत्तर असलेला प्रश्न याला चालत नाही. वही मिटली.

पुढचं शीर्षक 'सीमाभागाच्या विशेष संदर्भासह' आलं. आमच्याकडे कुठलाही प्रबंध या संदर्भाशिवाय घराबाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचा दोष म्हणता येणार नाही. बेळगावच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "यात सीमा कुठली?"

"भूतकाळ आणि भविष्य यांच्यातली, सर."

"मग ती सीमा ठरवायला महाजन आयोग पुन्हा नेमावा लागेल," सर म्हणाले. "शीर्षकं पुरे. प्रश्न आण. ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, असा. 'या कादंबरीत विज्ञान आढळते काय?' हे चालणार नाही."

पठ्ठ्याने पुढच्याच बसने नेऊन दिला : 'वामन परत आला असता तर?' कादंबरीत जे घडलंच नाही त्याचा जाब कादंबरीला विचारायचा! यापेक्षा 'नाही' हे उत्तर बरं, असं सरांना वाटलं असणार.

परवा त्याच्या घरी चुलीपाशी बसलो होतो. धाकटी बहीण निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या परतत होती. तिने मात्र ती कादंबरी कंदिलाच्या उजेडात दोन रात्रींत संपवली होती. चिमट्याने आठळी उलटवत ती म्हणाली, "दादा, खोल खणताना पेटी सापडली, त्यात यंत्रमाणसाची माहिती होती, म्हणून लगेच बांधूलालेत काय रे? ती पेटी पुरणाऱ्या लोकांचं काय झालं, ते आधी बघायला नको?"

मी ताठ बसलो. मेरी शेलीच्या 1818 सालच्या 'फ्रँकेनस्टाइन'पासून चालत आलेलं दुखणं पोरीने नेमकं पकडलं होतं : बनवता येतं म्हणून बनवायचं का, आणि थांबायचं कुणी? कोणतं पात्र शंका घेतं, कोण घाई करतं, लेखक स्वतः शास्त्रज्ञ असून कुणाच्या बाजूला झुकतो; पानं दाखवून उत्तर देता येईल. उत्तर चुकूही शकेल. सरांना हवं होतं ते हेच.

"घे की हा प्रश्न," मी म्हटलं.

त्याने आठळी फुंकून तोंडात टाकली. "बरा आहे. पण ह्याला पुस्तक सगळंच वाचावं लागंल की."

तरी वही उघडली, बहिणीचा प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवला आणि खाली कंसात लिहिलं : सीमाभागाच्या विशेष संदर्भासह.