राउंडसाहेबांचा तपास

राउंडसाहेबांच्या अंगणात मारुती एटहंड्रेडचं बॉनेट उघडं दिसलं, की समजावं, गाडी कालपर्यंत व्यवस्थित चालत होती. बिघडलेल्या गाडीला ते सहसा हात लावत नाहीत, चांगली चालणारीच खोलतात. “आवाज बदललाय,” एवढं कारण त्यांना पुरतं. बदललेला तो आवाज घरात दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नाही. गाडी खोलून परत जोडली की मात्र तो सगळ्या कुरखेड्याला ऐकू येतो.

साहेब वनखात्यातून क्षेत्र सहायक म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे त्या पदाला राउंड ऑफिसर म्हणतात, म्हणून हे राउंडसाहेब. वडसा वनविभागात त्यांची हयात गेली. तुटलेल्या सागाचं थूट दिसलं की गोलाई मोजायची, पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, मुद्देमाल जप्त करायचा आणि पी.ओ.आर. फाडायचा. पी.ओ.आर. म्हणजे वनगुन्ह्याची पहिली नोंद. निवृत्तीनंतर जंगल सुटलं, पण हाताची सवय कुठे सुटते? आता बॉनेटखालचा भाग हेच त्यांचं बीट. गाडीच्या बिघाडांची त्यांच्याकडे स्वतंत्र वही आहे आणि त्या वहीत बिघाड हा शब्द एकदाही आलेला नाही. तिथे सगळे गुन्हेच आहेत.

गाडीही तपासाला साजेशी आहे. कार्ब्युरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलिंडर. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी देशात आली आणि जानेवारी 2014 मध्ये कंपनीने ती बनवणं थांबवलं. राउंडसाहेबांचं बनवणं अजून चालू आहे. नव्या गाडीत संगणक असतो, स्कॅनर लावला की तो दोषाचा नंबर सांगतो. साहेबांना ते पटत नाही. आरोपीने स्वतःहून कबुली दिली तर तपास अधिकारी कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

या तपासपद्धतीत एकच उणीव आहे. संशयितांच्या यादीत तपास अधिकाऱ्याचं नाव कधी येत नाही.

मागे एकदा त्यांनी प्लग साफ केले. प्लग तीन, वायरी तीन. त्यांतल्या दोन वायरींची अदलाबदल झाली. गाडी चालू होईना, आणि झालीच तर कार्ब्युरेटरमधून फाटकन ठिणगी बाहेर यायची. कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी मिळायची हा क्रम ठरलेला असतो, तो चुकला की इंजिन असंच फटाके फोडतं. साहेबांनी बॅटरीवर पी.ओ.आर. फाडला. नवी बॅटरी आली. फटाके जास्त जोरात फुटू लागले. मग कधीतरी वायरी पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या, या खेपेला त्या नशिबाने बरोबर बसल्या आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळालं.

धान कापणीच्या दिवसांतलं प्रकरण मात्र त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं. त्या दिवसांत बांधीतले उंदीर घराकडे वळतात आणि उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना फार आवडतं. इंजिनाची ऊब आणि वर छप्पर. साहेबांनी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत तणसाचं घरटं. डबा साफ केला, कागदी फिल्टर झटकला, सगळं परत बसवलं. या खेपेला गाडी खोलायला खरंखुरं कारण होतं. मीही तेव्हा त्यांचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको कोरचीला निघाले. गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली. उभ्या जागी आवाज घड्याळासारखा. पुराड्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर तक्रार नाही. बेडगावचा घाट लागला आणि गाडीने दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा वेग कमी होऊ लागला. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, आणि मागे काळा धूर असा की आरशात घाट दिसेना. सरपणाच्या मोळ्या लादलेली सायकल ढकलत एकजण चढत होता, तो पुढे निघून गेला. बाई खाली उतरल्या. “मी यष्टीनं जातो. तुमी या मांगून,” म्हणाल्या आणि पदर सावरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

तिथून तपासाला सुरुवात झाली. साहेबांना धुराचं ज्ञान आहे, हे मान्य केलंच पाहिजे. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे रिंगा गेल्या किंवा वॉल्व्हची सिलं गेली. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा. काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. त्यांनी प्लग काढला, टोकावर कोरडी काळी काजळी होती. वहीत लिहिलं: ‘पेट्रोल जास्त अथवा हवा कमी.’ वाक्य अगदी बिनचूक होतं. पण त्यात दोन संशयित होते आणि साहेबांनी एकालाच धरलं. हवेचा रस्ता त्यांनी स्वतः साफ केला होता, मग तिकडे कोण बघणार?

पहिला नंबर पेट्रोलचा. भेसळ आहे म्हणून टाकी रिकामी केली. मग चोक. तो अडकला असेल म्हणून मोकळा केला, मोकळाच होता. मग कार्ब्युरेटर खोलून फ्लोटची पातळी खाली केली, तेव्हा गाडी सपाट रस्त्यावरही आचके देऊ लागली. मिक्स्चरचा स्क्रू फिरवला, उलटा फिरवला, मूळ किती फेऱ्यांवर होता ते विसरले. आतापर्यंत एक गुन्हा होता, आता त्यात चार मिसळले. घरच्या दुरुस्तीनंतरचा तपास अवघड होतो तो इथेच. मूळ दोष बसलेला असतो आपल्या जागी, आणि त्याच्या शोधात फिरणारा हात वाटेत नवे दोष पेरत जातो. शेवटी सायलेन्सर चोंदल्याचा संशय आला. तो मात्र जमिनीवर झोपून काढावा लागतो, आणि साहेबांची कंबर निवृत्त आहे.

नाइलाजाने गाडी वडसा रोडवरच्या एका टिनाच्या शेडात आली. तिथे एक पोरगा काम करतो, मिसरूडही नीट फुटलेलं नाही. साहेबांनी वही उघडून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पोराने दोन पानं अदबीने ऐकली आणि विचारलं, “सायेब, बिगडाच्या पयले का खोललं होतं जी तुमी?”

“त्याचा इथे काही संबंध नाही,” साहेब म्हणाले. “तो फिल्टर.”

पोराने फिल्टरच्या डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं. “आता द्या रेस.” इंजिन मोकळ्या गळ्याने ओरडलं. आचके थोडे होते, ते फ्लोटचे, पण धूर गेला. झाकण बसवलं, पुन्हा रेस दिली, पुन्हा काळं. पोराने इंजिन बंद करायला लावलं, डब्यात हवा घेणाऱ्या नळीत दोन बोटं घातली आणि आतून काहीतरी खेचू लागला. आधी एक कोपरा आला, मग बटण, मग अख्खा खिसा. धुळीने माखलेला, खाकी, वर झडप असलेला, खात्याच्या शर्टाचा खिसा. घरटं काढून चहाला आत जाताना, तेवढ्यात उंदीर पुन्हा शिरू नये म्हणून साहेबांनी नळीच्या तोंडात कोंबलेला. जरा हवा त्याच्या कडेने जात होती. तेवढी उभ्या गाडीला आणि सपाट रस्त्याला पुरायची. घाटात इंजिन मोठा श्वास मागायचं, तो कुठून मिळणार?

पोरगा काही बोलला नाही. फ्लोट आणि स्क्रू जागेवर आणण्यात त्याची दुपार गेली.

साहेबांनी तोवर बाकड्यावर बसून जप्तीनामा लिहिला. मुद्देमाल: खाकी कापड, एक नग, बटणासह. आरोपी: अज्ञात. शेरा: उंदराने ओढून नेल्याची दाट शक्यता. पंच म्हणून पोराची सही घेतली. संध्याकाळी मुद्देमाल घरी आला, तो बाईंनी उलटसुलट करून पाहिला. “हा खिसा तं मीच फाडून देल्ला होता तुमाले, पुसाले.”

साहेबांनी वही परत उघडली आणि शेऱ्याखाली एक ओळ वाढवली: साक्षीदार फितूर.