शून्यावा महिना

१९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली, तेव्हा तारखांचं खातं जावा या दुसऱ्या भाषेकडून जवळजवळ जसंच्या तसं उचललं. उसना माल, तपासतो कोण! म्हणून आजही तिथे जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. तारीख मात्र एकपासून. थोडक्यात, पगार एक तारखेलाच, पण शून्याव्या महिन्यात.

ही भाषा रचणाऱ्या मंडळींना एकदा आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला आणावं. तिथे नागोबाची जत्रा पौष अमावस्येला भरते. मेस्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि रात्री महापूजा होते. लिहा बघू याचं फंक्शन! हीच रात्र उत्तरेकडच्या पंचांगात माघातली, कारण तिकडे महिना पौर्णिमेलाच संपतो. २०२३ मध्ये तर श्रावण दोनदा आला. बाराच खण केलेल्याने तेरावा महिना कोंबायचा कुठे?

२०१४ साली जावाने तारखांची नवी मांडणी आणली. थाई, जपानी, तैवानी, हिजरी अशा कालगणना तीत सोबत आल्या. आपलं पंचांग बहुधा रांगेत मागे राहिलं असावं.

आणि निजामाच्या काळातली जमिनीची पहाणी काढलीत तर तिच्यावर फसली साल. १३५७ मध्ये ५९० मिळवा, १९४७ येतं. जानेवारी लागला असेल तर ५९१. मुरलेला कारकून हा हिशेब पान चघळत बोटांवर करतो, आणि पहिल्या बोटाला शून्य म्हणत नाही.