सेवानिवृत्त बहिर्जी

रामदासपेठेत, जेथे दर तिसऱ्या फाटकावर कोणत्या ना कोणत्या तज्ज्ञ डॉक्टरची पाटी झळकते आणि उरलेल्या फाटकांआड लेखा, पाटबंधारे वा महसूल खात्यातून निवृत्त झालेले सद्गृहस्थ कालच्या वर्तमानपत्राची आज पुन्हा घडी मोडीत असतात, तेथे अलीकडे गुप्तग्राहक नावाचा एक वर्ग उदयास आला आहे. त्याचा अस्सल नमुना आमच्या शेजारी नांदतो. उभी हयात लेखापरीक्षणात घालवलेल्या या गृहस्थांना सारी आळी शिवरायांच्या हेरप्रमुखाच्या नावाने, म्हणजे ‘बहिर्जी’ म्हणून, हाक मारते. गुप्तहेराला दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सर्वांनी हेर म्हणून ओळखावे, यावरून त्या गुप्ततेची इयत्ता वाचकांनीच ठरवावी.

धंदा असा आहे की, मालकाच्या पाठीमागे आपले नोकर गिऱ्हाइकाशी कसे वागतात हे जाणून घेण्याची मोठ्या कंपन्यांना उत्कंठा असते. त्या एखाद्या मध्यस्थ संस्थेस मक्ता देतात, ती संस्था बहिर्जींच्या मोबाइलवर कामगिरी धाडते, आणि बहिर्जी सामान्य गिऱ्हाइकाच्या वेषात, म्हणजे आपल्या रोजच्याच वेषात, सेंट्रल बाजार रोडवरील दुकानात दाखल होऊन, दारातल्या पोराने अर्ध्या मिनिटात नमस्कार केला की नाही, त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती की नाही, पायमोजे मागणाऱ्यास त्याने बूटही दाखवले की नाही, अशा पाच-पन्नास प्रश्नांची उत्तरे त्याच रात्री रुजू करतात.

दुकानात उघडपणे टिपण काढण्यास सक्त मनाई असल्यामुळे, आणि आयुष्यभर कागदावर विसंबल्याने स्मरणशक्तीस कामाची सवय न राहिल्यामुळे, ते दर पाच मिनिटांनी स्वच्छतागृहात जाऊन खिशातल्या चिठोऱ्यावर नोंदी करतात. त्यांची ही तिसरी फेरी पाहून एका कोवळ्या विक्रेत्याने जवळ येऊन हलकेच विचारले, “काकाजी, लघवीचा त्रास होऊन राहिला काय? बाजूलेच चांगले डॉक्टर आहेत, नंबर देऊ का?” रामदासपेठेत हा नंबर कोणाच्याही खिशात सापडतो. बहिर्जींनी मात्र ‘विक्रेत्याने मालाव्यतिरिक्त उपयुक्त माहिती स्वतःहून पुरवली काय?’ या कलमापुढे पूर्ण गुण मांडले. आणि विक्रेत्याची बक्षिसी अशा गुणांवर बेतलेली असू शकते हे ध्यानी घेता, तो न्याय योग्यच झाला असे माझे मत आहे.

या व्यवसायास कोणी कमी लेखले की बहिर्जी कौटिल्याची साक्ष काढतात, आणि ती खोटी नाही. अर्थशास्त्रातील गूढपुरुषांत ‘वैदेहक’ नावाचा हेर आहे: धंद्यात बुडालेला, परंतु प्रज्ञा आणि शुचिता शाबूत असलेला वाणी. त्याच ग्रंथात सरकारी द्रव्य खाण्याचे ४० प्रकार नोंदले आहेत, ते बहिर्जींना पूर्वीच्या नोकरीमुळे तोंडपाठ आहेत. आपली रिझर्व्ह बँकसुद्धा शाखाशाखांत नोटा-नाण्यांची सेवा नीट मिळते की नाही हे पाहण्यास ओळख न देता माणसे धाडते, हा त्यांचा दुसरा दाखला. एवढे ऐकून घेतल्यावर मी त्यांना वेतनाचे विचारतो. कौटिल्याने सर्वांत खालच्या परिचारकास ६० पण आणि वैदेहकास १,००० पण नेमून दिले होते. हे प्रमाण लावून आजच्या वैदेहकाचा हिशेब केला, तर तो त्या परिचारकाच्याही खाली जातो.

एका कामगिरीचा मोबदला बहुधा दोन-चारशे रुपये. खरेदीचे पैसे ठरीव मर्यादेपर्यंत परत मिळतात, आणि तेही महिना-दोन महिन्यांनी. रिक्षाभाडे ज्याचे त्याने सोसायचे. कॉफीगृहाच्या कामगिरीवर सौभाग्यवतींना सोबत न्यावे, तर त्यांनी मागवलेल्या केकमुळे मर्यादा ओलांडली जाते, शिवाय बिल येताच त्या वेटरला “यांना नीट पावती दे हो, हे तुम्हालाच तपासायला आले आहेत” असे प्रांजळपणे सांगून मोकळ्या होतात, आणि उघडकीस आलेल्या हेराला दमडीही मिळत नाही. परंतु खरा काव्यगत न्याय याहून पुढचा आहे. ज्या गृहस्थांनी एका गहाळ पावतीखातर शेकडो मास्तरांचे आणि तलाठ्यांचे प्रवासभत्ते नामंजूर केले, त्यांचाच दावा परवा ‘पावतीचे छायाचित्र अस्पष्ट’ असा शेरा मारून परत आला. आणि शेरा मारणारा, भाषेवरून पाहता, त्यांच्या नातवाच्या वयाचा असावा. बहिर्जी संतापतील अशी माझी अटकळ होती. पण त्यांनी तो शेरा दोनदा वाचला आणि “मसुदा चोख आहे,” असे म्हणाले.

तेथे मला या उद्योगाचे मर्म कळले. पेन्शन वेळेवर येते, घर स्वतःचे आहे, मुलगा पुण्यास सुखरूप आहे. उणीव असते ती फक्त कोणाच्या तरी नावापुढे शेरा मारण्याच्या अधिकाराची, आणि तो अधिकार या वयात दुसरे कोणतेही खाते त्यांना परत देणार नाही. त्यासाठी रिक्षाभाडे खिशातून गेले तरी सौदा महाग नाही. ज्या तरुणास मात्र यावर घर चालवायचे आहे, त्याने मजुरी, भाडे आणि रात्री अहवाल लिहिण्यात गेलेले तास एका कागदावर मांडून पाहावेत; उरते ते महिन्याच्या चहालाही पुरणार नाही.

आणखी एक सूचना, जी बहिर्जी स्वतः प्रत्येकास देतात: कामगिरी देण्यापूर्वी जो नोंदणी-शुल्क वा अनामत मागतो, तो संस्थेचा माणूस नव्हे, भामटा समजावा. प्रामाणिक संस्था गुप्तग्राहकाकडून पैसे घेत नाहीत. कोणी फसलाच असेल, तर लाज न धरता सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी.