कागदी घोडे

मराठवाड्यात अश्वशक्ती दोन ठिकाणी मोजतात. एक विहिरीवर, एक गाडीत. विहिरीवरच्या मोटारीची कागदावर शक्य तितकी कमी लावायची असते, कारण मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल एचपीवर निघतं. त्यामुळे पाण्यात साडेसातची बुडवली तरी कागदावर पाचाचीच तरंगते. २०२४ पासून साडेसातपर्यंतच्या पंपांची वीज सरकारनं फुकट केली. तेव्हापासून तर साडेसातच्या वरची मोटार माझ्याजवळ आहे असं म्हणणारा शेतकरी मला भेटलेला नाही. गाडीचं मात्र उलटं. तिथं कागदावर जितके घोडे जास्त तितकी मिशी वर.

हे दोन्ही हिशेब एकाच डोक्यात सुखानं नांदवणारा जो माणूस असतो, त्याला आमच्याकडं सगळे ‘मालक’ म्हणतात. मालक पन्नाशीला टेकलेले. शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. रिंग रोडला आलेलं रान प्लॉट पाडून विकलेलं, त्या पैशात ‘नीट’वाल्या पोरांचं होस्टेल बांधलेलं, उरलेल्या बारा एकरांत सोयाबीन आणि तूर. लातुरात असे मालक गल्लीगणिक आहेत. नांदेडातही आहेत, फक्त तिथं होस्टेलाऐवजी मंगल कार्यालय असतं. यातले बहुतेक जण पांढऱ्या, उंच, आमदारासारख्या दिसणाऱ्या गाडीवर थांबतात. आमचे मालक थांबले नाहीत. त्यांनी मुंबईहून एक पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट लावून पळणारी विलायती स्पोर्ट्‌स कार आणली. तिसऱ्या हाताची, पण कंपनीतून निघाली तशीच. आत एक स्क्रूही बदललेला नाही. मागच्या सीटवर फार तर नारळ बसतो.

गाडीच्या माहितीपत्रकात लिहिलंय : २५० अश्वशक्ती. हा आकडा मालकांनी होस्टेलच्या मेसवाल्यापासून तहसीलच्या तलाठ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलेला. आता ही अडीचशे घोड्यांची गाडी गंजगोलाईत शेंगांच्या हातगाड्यामागं पहिल्या गिअरमध्ये सरकते आणि प्रत्येक गतिरोधकावर तिरकी करून, एकेक चाक हळूच उतरवत न्यावी लागते, ही गोष्ट वेगळी. घोडे आहेत, हे महत्त्वाचं. पळवलेच पाहिजेत असं कुठं आहे?

सगळं सुरळीत चाललं असतं. पण एका लग्नात नांदेडच्या एका पाव्हण्यानं जिलेबी घेता घेता विचारलं, “अडीचशे म्हंता, पण मोजले का कधी?”

मालक जेवण अर्धं टाकून उठले नाहीत, पण मठ्ठा घेतला नाही.

मराठवाड्याचा माणूस मोठ्या तपासणीला पुण्यालाच जातो. मग ती गुडघ्याची असो नाही तर गाडीची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मालक बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करत पुण्याच्या बाहेरच्या एका शेडमध्ये पोहोचले. तिथं डायनो होता. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला जाडजूड लोखंडी रूळ. त्याच्यावर गाडीची मागची चाकं ठेवायची, चारही बाजूंनी पट्टे आवळून गाडी जखडायची, तोंडासमोर मोठा पंखा लावायचा आणि इंजिनाचा वेग जसाच्या तसा पुढं देणाऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा. गाडी जागेवरच दीडशेच्या वर पळते. रूळ किती लवकर वेग घेतो यावरून संगणक ताकद काढतो आणि कागदावर दोन वाकड्या रेघा येतात, एक टॉर्कची, एक अश्वशक्तीची. मालकांनी रुळावर नारळ फोडायचा धरला होता. शेडवाल्या पोरानं तो हातातून काढून घेऊन टेबलावर ठेवला.

पहिली फेरी : २०७. दुसरी : २०३. तिसरी : १९८.

“हे काय, पोरगं मागं मागं चाललंय की!” मालक म्हणाले. पोरगा पुण्याचा होता. शांतपणे म्हणाला, “काका, हे चाकावरचं आहे. कंपनी देते ते इंजिनाचं. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल, टायर असतात. थोडं तिथं जातं.”

“त्रेचाळीस?”

“साधारण पंधरा टक्के धरतात.”

“जातं म्हणू नको,” मालक म्हणाले, “खाल्लं म्हण.”

एवढ्यावर माणसाचं समाधान व्हायला हरकत नव्हती. पण लातूरच्या माणसासमोर छापील कागद ठेवा, तो त्यात आधी टक्केवारी बघतो. अडीचशेपैकी दोनशे सात म्हणजे ब्याऐंशी पूर्णांक आठ. ज्या शहरात ‘लातूर पॅटर्न’ जन्मला आणि नव्वदला पेढे वाटले तर शेजारी ‘काय झालं हो?’ म्हणून विचारपूस करायला येतात, तिथं ब्याऐंशी टक्के म्हणजे घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मालकांनी कागदाची घडी करून चालणाऱ्या पेनामागं ठेवली. येताना त्यांना गाडी खरोखर हळू वाटू लागली. जाताना हीच गाडी टेंभुर्णीजवळ त्यांना ‘वाऱ्यासारखी’ वाटली होती.

घरी आल्यावर तपास सुरू झाला. पहिला संशय पेट्रोलवर. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यातलं काही येतं उसापासून. मालकांचा चुलत भाऊ ऊस लावतो. “म्हणजे आपल्याच भावकीनं घोडे मारले,” असा निष्कर्ष निघाला आणि दोन दिवस चुलत भावाशी बोलणं बंद झालं. खरं तर इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज पडतं. पण इंजिनाचा संगणक तेवढं जास्त इंधन सोडून घेतो आणि इथेनॉल खडखडाट तर उलट कमी करतं. ताकद एवढी पडायचं ते कारण नव्हे. हे चुलत भावाला माहीत नव्हतं, म्हणून तोही चिडला.

मग होस्टेलची पोरं बोलावली गेली. दोनदा नीट दिलेला आणि आता तिसऱ्यांदा देणारा एक रिपीटर फिजिक्समध्ये तरबेज होता. त्यानं कागद बघितला. म्हणाला, “काका, ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. हे बघा, खाली ३००० फेऱ्यांपर्यंत रेघ बरोबर चढलीय. वर गेल्यावर पडलीय. इंजिन खराब असतं तर खालीही पडली असती. वर श्वास पुरत नाही हिला.”

“आणि हे खाली बारीक काय लिहिलंय, करेक्शन?”

“मेमध्ये हवा गरम, विरळ. म्हणून मशीन आकडा २५ अंशाच्या हवेवर आणून दाखवतं. ग्रेस मार्कच समजा.”

“मग अजून द्यायला सांग की त्यांना!”

“ही टर्बोची गाडी आहे काका. हवा विरळ असली तर टर्बो स्वतःच जास्त दाबून घेते. आहे त्यावर अजून ग्रेस दिलं तर ते खोटं होईल.”

मालकांना हे पोरगं यंदाही लागणार नाही असं वाटलं.

तिसरा सल्ला न मागता आला. सालगडी ट्रॅक्टर धुवत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, “मालक, आपल्या पन्नासच्या ट्रॅक्टरला मागं पीटीओला बेचाळीस-त्रेचाळीसच मिळतंय की. घेताना डीलरनं बुदनीचा रिपोर्ट दाखवला होता, त्यात लिवलेलं होतं. तवा तुमी काय रडला नव्हता.” मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे आणि इंजिनाचे घोडे वेगळे, मागच्या शाफ्टावरचे वेगळे, हे आमच्याकडच्या रोटाव्हेटर ओढणाऱ्या कुठल्याही माणसाला पाठ असतं. पुण्याच्या शेडमध्ये जे कळायला पैसे लागले ते बांधावर फुकट होतं. मालकांनी सालगड्याला उद्यापासून लवकर यायला सांगितलं.

मधल्या काळात मालकांचं वाचन वाढलं. १९९९ मध्ये अमेरिकेत फोर्डनं मस्टँग कोब्रा ३२० घोड्यांची म्हणून विकली, गिऱ्हाइकांनी डायनोवर चढवली तर घोडे कमी. शेवटी फोर्डनं विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांचे इनटेक आणि एक्झॉस्ट दुरुस्त करून दिले आणि २००० सालची साधी कोब्रा बाजारात आणलीच नाही. २००१ मध्ये माझ्दानं मियाटा ही दोन सीटची गाडी १५५ची सांगितली, निघाली १४२ची. कंपनीनं चक्क गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखवली. या दोन गोष्टी मालकांनी एवढ्यांदा सांगितल्या की होस्टेलचा वॉचमनही ‘कोब्रा प्रकरण’ म्हणू लागला. ग्राहक आयोगात जायचं पक्कं झालं. वकिलांनी विचारलं, गाडी नवी घेतली होती का? मालक म्हणाले, नाही, तिसरा हात. वकील चष्मा पुसत बसले.

शेवटी नांदेडला जावं लागलं. हे वाक्य लातूरच्या माणसाला किती जड जातं ते बाहेरच्याला कळायचं नाही. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले म्हणून तिथं बरोबरी आहे, पण आयुक्तालय लातूरला की नांदेडला हा वाद पिढीजात आहे. नांदेडच्या पोरांचं दहावी-बारावीचं बोर्ड लातूरला, लातूरच्या पोरांची पदवी नांदेडच्या विद्यापीठाची. एकमेकांचे निकाल एकमेकांच्या हातात ठेवून दोघं शंभराहून जास्त किलोमीटरवर नांदतात. तरी टर्बोचं काम करणारा एक मिस्त्री देगलूर नाक्याकडं आहे असं कळल्यावर मालक डिसेंबरात चाकूर, अहमदपूर मागं टाकत निघाले.

वाटेत माळेगावची यात्रा लागली. खंडोबाच्या या यात्रेत खरे घोडे विकायला येतात. मालकांनी पिवळी गाडी धुळीत लावली आणि तासभर फिरले. तिथं व्यापारी दात बघत होते, भोवरे बघत होते, गळ्यावर देवमण आहे का ते चाचपत होते, चार पावलं चालवून चाल बघत होते. एकानंही घोड्याची अश्वशक्ती विचारली नाही. जेम्स वॅटनं वाफेची इंजिनं विकताना एका घोड्याला मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम लावलं, ते दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला झेपणारं नाही असं म्हणतात. म्हणजे मुळात पहिलं माहितीपत्रकच फुगवलेलं होतं. मालकांना हे सांगून उपयोग नव्हता. ते एका पांढऱ्या घोडीची किंमत विचारत होते.

मिस्त्री साठीचे, हिरवट स्वेटर, कानाला अर्धी विडी. त्यांनी डायनोचा कागद हातात घेतला, उलटा धरला आणि गॅरेजच्या तेलकट फळीवर ठेवला. “इसकू बाद में देखेंगे.” आधी एअर फिल्टर काढला. तो फरशीवर दोनदा आपटला. आतून पडलं ते असं : मूठभर सोयाबीनचा भुस्सा, तुरीची फोलपटं आणि पंख पसरलेली एक पाकोळी. गेल्या सालच्या सुगीत मळणीयंत्राशेजारी शेडात गाडी उभी होती, तेव्हाचं पीक.

“मालक, शहर की गाडी खळे पे रखे तो ऐसाच होता.”

मग त्यांनी बोअरच्या पीव्हीसी पाइपाचं एक टोपण काढलं. त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. टर्बोच्या तोंडावर ते टोपण क्लॅम्पनं आवळलं, पंक्चरच्या दुकानातल्या पंपानं आत बेतानं हवा भरली आणि निरम्याचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर लावत गेले. सगळीकडं शांत. इंटरकूलरच्या खालच्या रबरी नळीपाशी आले आणि तिथं भाताला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे निघाले. क्लॅम्प ढिला. टर्बो हवा दाबत होती, नळी सोडत होती, तेवढी भरून काढायला टर्बो आणखी जोरानं फिरत होती, हवा आणखी तापत होती. म्हणूनच दर फेरीला आकडा खाली. त्यात मेचं ऊन आणि समोरचा पंखा टेबल फॅनचा मोठा भाऊ. मिस्त्रींनी क्लॅम्प बदलला, नवा फिल्टर घातला. क्लॅम्पचे पैसे घेतले, तपासाचे घेतले नाहीत. मालक या गोष्टीनं जरा नाराज झाले. एवढ्या महिन्यांच्या दुखण्याला एवढंच औषध?

जानेवारीत, सकाळच्या थंडीत, त्याच पुण्याच्या शेडमध्ये, त्याच मशीनवर : २२१, २२०, २२०. पोरगा म्हणाला, “काका, गाडी ठणठणीत आहे.” मालकांनी चालणारं पेन काढून कागदाच्या मागं भागाकार केला. पंधरा टक्के वाटेत गेले धरले तर इंजिनाचे झाले २६०. म्हणजे कंपनीनं दहा घोडे गुपचूप जास्तच दिलेत! फोर्डसारखी चोर कंपनी नव्हे ही. पंधरा टक्के हा अंदाज आहे, नियम नाही, हे पोरानं सांगायचा प्रयत्न केला. तोवर नारळ फुटला होता, रुळावरच.

आता कागद लॅमिनेट होऊन होस्टेलच्या ऑफिसात लागलाय, नीटच्या टॉपर्सच्या फोटोंच्या रांगेत. कुणी गाडी घेतली की मालक सल्ला देतात : टायरमधली हवा बघा, पट्टा फार आवळू देऊ नका, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला विसरू नका, दोन फेऱ्यांच्या मधे बॉनेट उघडं ठेवा. सगळं बरोबर सांगतात. परवा त्या जिलेबीवाल्या पाव्हण्याचा फोन आला. नांदेडच्या एका डॉक्टरांनी हीच गाडी घेतली, हैदराबादला मोजून आणली. चाकावर २२९.

मालक जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मशीन कुठल्या कंपनीचं, पंखा केवढा, करेक्शन कुठलं, असं सगळं विचारून घेतलं. पाव्हण्याला त्यातलं एकही सांगता आलं नाही.

“जाऊ द्या,” मालक म्हणाले, “त्या सेंटरला कॉपी चालती.”