बादलीला लाथ

सोलापूरचा पोरगा घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी आणि कट्ट्यावर दखनी बोलतो. तरी क्लासवाले सांगतात, ‘तुझं कम्युनिकेशन वीक आहे!’ मग एमपीएससीसाठी इंग्रजी वाक्प्रचारांची घोकंपट्टी सुरू होते.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे धो धो पाऊस. वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे पाठ करायला विलक्षण श्रद्धा लागते. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे हातचा मळ. ज्वारीची कडक भाकरी मोडणाऱ्याला तेही पटवून घ्यावं लागतं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, हे मात्र न शिकवता कळतं. उशाला उजनी असून वर्षानुवर्षं चार-चार दिवसांआड पाणी भरलेल्या गावात भरल्या बादलीला लाथ मारणारा आईच्या हातून जिवंत सुटेल होय?

यथावकाश पोरगा पास होतो, साहेब होऊन खुर्चीत बसतो. तिथं त्याला एकच वाक्प्रचार पुरतो: ‘सोमवारी या.’ त्याचा रूढार्थ पेपरात कधी विचारत नाहीत. पण खेटे घालणाऱ्या सोलापूरकराला तो चारही भाषांत तोंडपाठ असतो.